धीर धर आणि धीर कर

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात एका निवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मी भाषणं करणारी बाई नाही. ३७ वर्षं नर्सची नोकरी केली, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली. त्यामुळे हळू आवाजात बोलायची सवय लागली आहे. मागे ऐकू आलं नाही तर हात वर करा.

आजचा विषय ठरला त्याला एक निमित्त घडलं. तुमच्यातली एक कार्यकर्ती माझ्याकडे आली होती. सल्ला केंद्रावर एक ख्रिस्ती बाई आली. पाठीवर वळ, पिशवीत बायबल. तक्रार लिहायची का, असं विचारल्यावर म्हणाली, ‘आमच्यात क्रूस सोसायचा असतो.’ कार्यकर्तीने मला विचारलं, ‘ताई, हे पुस्तक बाजूला ठेवायला सांगू का तिला? त्याच्यामुळेच ती अडकली आहे.’ मी म्हटलं, ‘नको. उघडायला सांगू.’

मी असं का म्हटलं, ते आज सांगते. तुमच्यापैकी बऱ्याच जणी ख्रिस्ती नाहीत. काहींचा देवावरच विश्वास नसेल. तुम्ही बायबल वाचायला लागावं म्हणून मी आलेले नाही. पण संकटात सापडलेली बाई तुमच्या दारात येते तेव्हा एकटी येत नाही. तिच्याबरोबर तिचा देव येतो, तिचं पुस्तक येतं, आणि त्या पुस्तकातलं तिला आजवर जेवढं वाचून दाखवलं गेलं तेवढंच तिला ठाऊक असतं. कुणी वाचून दाखवलं आणि कुठे थांबून पुस्तक मिटलं, हा माझ्या बोलण्याचा विषय आहे.

आपल्या मराठीत ‘धीर’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. ‘धीर धर’ म्हटलं की गप्प बस, वाट बघ, सोस. पण ‘धीर आला’, ‘धीर केला’ म्हटलं की भीती गेली, पाऊल उचललं. शब्द एकच. माणसं बाईला पहिला धीर देतात. दुसरा तिचा तिला शोधावा लागतो. मला तो बायबलमध्ये सापडला, आणि तोही पहिला धीर देणाऱ्यांनीच हातात दिलेल्या बायबलमध्ये.

माझं लग्न १९८४ साली झालं. नवरा शिकलेला, चांगल्या नोकरीचा, चर्चच्या गायनमंडळात पहिल्या रांगेत उभा राहणारा. घरी आला की हात उगारायचा. तीन वर्षांत सवयीनं मला त्याच्या चपलांच्या आवाजावरून कळायचं, आज काय होणार. १९८७ साली माझा डावा हात मोडला. प्लास्टर घालताना मी सांगितलं, जिन्यावरून पडले. आम्ही तळमजल्यावर राहत होतो.

मग आमच्या मंडळीतले दोन वडीलजन घरी आले. प्रार्थना केली. इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय काढला, बायकोने नवऱ्याच्या अधीन असावं हा भाग वाचला आणि पुस्तक मिटलं. मला म्हणाले, ‘बाई, धीर धर. प्रभूने एवढा क्रूस सोसला, तुला एवढंसं सोसवत नाही?’ नवऱ्याला काहीही वाचून दाखवलं नाही. चहा घेतला आणि गेले. तो चहा मी एका हाताने केला होता.

त्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांना खरंच वाटत होतं की ते मला धीर देताहेत. पण पुढे मी तो अध्याय स्वतः वाचला. बायकांना जे सांगितलंय त्याच्या लगेच आधी सगळ्यांनीच एकमेकांचं मानावं असं सांगितलंय. ते त्यांनी वगळलं. बायकांसाठी तिथे तीन वचनं आहेत. पुढची नवऱ्यांसाठी आहेत, त्याच्या दुपटीहून जास्त, आणि नवऱ्याने बायकोला स्वतःच्या शरीरासारखं जपावं असं त्यात सांगितलंय. तिथपर्यंत पोचायच्या आधीच पुस्तक मिटलं होतं.

क्रुसाचंही तसंच. येशूला क्रुसावर दिलं ते सत्तेपुढे तो गप्प बसला नाही, देवळात चाललेला व्यापार त्याने उधळला, नको त्या माणसांच्या पंगतीला बसला म्हणून. त्याने ते स्वतः पत्करलं. बंद दाराआड मार खाणं म्हणजे क्रूस नव्हे. तो गुन्हा आहे, आणि गुन्हा सोसल्याने कुणाचं तारण होत नाही. मार खाणारीचंही नाही आणि मारणाऱ्याचंही नाही.

प्लास्टर निघाल्यावर मी रात्रपाळी मागून घेतली. घरी नको म्हणून. माझ्याजवळ माझ्या आजीचं बायबल होतं. आजी बायबलबाई होती. मिशनच्या काळात गावोगाव, घरोघर जाऊन बायकांना बायबल सांगणाऱ्या, जमेल तिथे अक्षरं शिकवणाऱ्या बायांना आमच्यात बायबलबाई म्हणत. वॉर्ड शांत झाला की मी टेबलाच्या दिव्याखाली ते उघडायची. आजीने जागोजाग पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. रविवारी जी कानावर पडतात ती बहुतेक स्तुतीची. पण त्यातली सुमारे एक तृतीयांश रडगाणी आहेत. रडगाणी हा शब्द मी मुद्दाम वापरते. तेराव्या स्तोत्रात, अजून किती दिवस, हा एकच प्रश्न चार वेळा येतो, आणि तो थेट देवाला विचारलेला आहे. पंचावन्नाव्या स्तोत्रातला माणूस म्हणतो, मला पक्ष्यासारखे पंख असते तर उडून रानात गेलो असतो. का, तर घात परक्याने केलेला नाही. ज्याच्याबरोबर तो देवाच्या घरी जात होता, त्याच जिवलगाने केला आहे. हे वाचलं आणि मी दिव्याची वात कमी करावी तशी मान खाली घातली. पहिल्या रांगेत उभं राहून गाणारा माझा नवरा मला त्यात दिसला. तीन हजार वर्षांच्या जवळपास जुन्या त्या पुस्तकाला माझं घर माहीत होतं.

आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र. बाकीची रडगाणी शेवटी थोडी वळतात, आशेचा एखादा शब्द येतो. हे वळत नाही. अंधारातच संपतं. त्याच्या समासात आजीने काही लिहिलं नव्हतं, फक्त एक तारीख होती. पुढे आईने सांगितलं की त्या तारखेला आजीची सहा महिन्यांची मुलगी गेली होती. गावोगाव दुसऱ्यांना धीर देत फिरणारी माझी आजी त्या दिवशी या पानाशी येऊन बसली होती. पुस्तकाने तिला ‘रडू नको’ म्हटलं नव्हतं. मला पहिला खरा धीर तिथे मिळाला. तक्रार करणं म्हणजे विश्वास नसणं नव्हे. ज्यांनी ही पुस्तकं एकत्र बांधली त्यांनी तक्रारीही जपून ठेवल्या, त्या फाडून टाकल्या नाहीत.

आता हागारची गोष्ट. उत्पत्तीच्या सोळाव्या आणि एकविसाव्या अध्यायात ती आहे. हागार मिसरी दासी. मालकिणीला मूल होत नाही म्हणून तिला मालकाच्या अंथरुणावर पाठवतात. तिला कुणी विचारत नाही. दिवस गेल्यावर मालकीण तिचा छळ करते. ती पळून जाते. रानात झऱ्यापाशी देवाचा दूत तिला नावाने हाक मारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस, असं विचारतो. या गोष्टीत तिला नावाने हाक मारून काही विचारणारा हा पहिलाच. तीही देवाला नाव देते, मला पाहणारा देव, अशा अर्थाचं. बायबलमध्ये देवाला नाव देणारी पहिली व्यक्ती ही परकी, पळालेली दासी आहे.

पण इथे मी तुम्हाला फसवणार नाही. तो दूत तिला परत जायला सांगतो. हे वाक्य कित्येक बायकांना तोंडावर फेकून मारलं गेलंय. बघ, देवानेसुद्धा तिला परत पाठवलं. मी त्यावर फार रात्री घालवल्या. मला एवढं कळलं की ती गरोदर होती, वाळवंटात एकटी होती, आणि तिला जायला दुसरं दार नव्हतं. आणि गोष्ट तिथे संपत नाही. पाच अध्यायांनंतर तिला मुलासकट हाकलतात. भाकरी आणि पाण्याची एक कातडी पिशवी देऊन. पाणी संपतं, मुलाला झुडपाखाली ठेवून ती लांब जाऊन बसते, कारण त्याचं मरण तिला बघवत नाही. या वेळी देव तिला परत जा म्हणत नाही. या वेळी तिला विहीर दिसते. पुढे मुलगा मोठा होतो, आणि त्याच्यासाठी बायको ही आईच आपल्या माहेरच्या देशातून आणते. ज्यांना परत पाठवायचं असतं ते सोळावा अध्याय वाचतात. एकविसावा वाचत नाहीत.

तिसरी गोष्ट नर्स म्हणून सांगते. एलीया हा मोठा संदेष्टा. राजांना न भिणारा. पण पहिल्या राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात राणी ईजबेल त्याच्या जिवावर उठते, तो रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. आपण काय करू? समजावू, चार गोष्टी सांगू. देवदूत काय करतो? त्याला उठवतो आणि निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं पुढे ठेवतो. एलीया खातो, परत झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो, परत खायला देतो. उपदेश नाही. प्रश्न नंतर, ताकद आल्यावर. मी वॉर्डात हे रोज बघितलंय. भुकेल्या, न झोपलेल्या माणसाला धर्म कळत नाही आणि कायदाही कळत नाही. तुमच्या केंद्रावर बाई आली की फॉर्म पुढे करायच्या आधी तिला चहा आणि पोळी द्या. हे बायबलमधलं आहे म्हणून नको, बरोबर आहे म्हणून द्या.

आणि बोलू नका. ईयोबाची मुलं गेली, संपत्ती गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र भेटायला आले. सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढंच त्यांनी चांगलं केलं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि सांगू लागले, तुझंच काहीतरी चुकलं असणार. ईयोब मानत नाही. तो भांडतो, देवाशीसुद्धा भांडतो. शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो, माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोबच. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले आणि देवाला जाब विचारणारा बरोबर ठरला. ‘तुझंच काहीतरी चुकलं असणार’ हे वाक्य आपल्या किती बायकांनी ऐकलंय, ते तुमच्या केंद्राच्या वह्यांत असेल.

मी घर सोडलं ते १९८७च्या डिसेंबरात, नाताळच्या आठवड्यात. बरोबर एक ट्रंक आणि आजीचं बायबल. आता कोर्टाचं सांगते, कारण लूकच्या शुभवर्तमानातली एक विधवा मला कोर्टातच कळली.

तेव्हा आम्हा ख्रिस्ती लोकांना १८६९चा घटस्फोट कायदा लागू होता. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट मिळे. बायकोला मात्र नुसता व्यभिचार पुरत नसे आणि नुसता छळही पुरत नसे. व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता, किंवा दोन वर्षं टाकून देणं, असं आणखी काही सिद्ध करावं लागे. माझ्या नवऱ्याचं बाहेर काही नव्हतं. तो फक्त मारायचा. वकील म्हणाले, ‘ताई, वेगळं राहायचा हुकूम मिळेल. घटस्फोट मिळणार नाही.’ मी विचारलं, ‘मग किती मारायला हवं होतं?’ त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा अशाच एका न्यायाधीशाकडे जाते. तो देवाला भीत नाही, माणसांची पर्वा करत नाही. ती पुन्हा पुन्हा जाते. शेवटी तो कंटाळून तिला न्याय देतो. येशूने ही गोष्ट प्रार्थना कशी करावी हे शिकवताना सांगितली. नीट ऐका. प्रार्थनेचा नमुना म्हणून त्याने डोळे मिटून बसलेली बाई दाखवली नाही, कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी दाखवली. मी दर तारखेला सकाळी ती गोष्ट वाचून निघायची. पर्समध्ये डबा, तारखांची वही आणि ही विधवा.

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने कायद्यातला हा भेद घटनाबाह्य ठरवला. २००१ मध्ये संसदेने कायदाच दुरुस्त केला आणि नवरा-बायकोसाठी घटस्फोटाची बहुतेक कारणं सारखी झाली. ते आपोआप झालं नाही. कित्येक ख्रिस्ती बायका, वकील, स्त्री संघटना आणि चर्चमधलीही काही माणसं वर्षानुवर्षं त्या दारावर थापा मारत होती. माझा निकाल १९९९ साली लागला. घर सोडल्यापासून बारा वर्षं. आज कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांसाठी आहे. तेव्हा तो असता तर माझी ट्रंक कदाचित त्याच घरात राहिली असती आणि बाहेर तो गेला असता.

शेवटी पंडिता रमाबाईंविषयी दोन शब्द, कारण मी जे सांगतेय ते त्यांनी शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलंय. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली. मग भाऊ गेला. १८८२ साली नवरा गेला, पदरात लहान मुलगी. पुढे इंग्लंडमध्ये असताना त्यांनी समाजाने टाकलेल्या बायकांसाठी काम करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी पाहिल्या. या बायकांशी तुम्ही अशा वागता ते कशामुळे, असं विचारलं, तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचायला मिळाली. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतरही चर्चच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं म्हणून त्यांनी काही मान्य केलं नाही. स्वतः वाचीन, स्वतः ठरवीन, यावरून त्यांचा वाद झाला. त्यांची पत्रं छापलेली आहेत, जरूर वाचा.

आणि त्यांनी शेवटची कित्येक वर्षं कशात घातली? हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात. भाषांतर तर आधीही होतं. पण त्यातली संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातल्या बाईला कळत नाही, हे त्यांना खटकलं. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आणलेल्या, टाकून दिलेल्या बायका होत्या. त्याच खिळे जुळवायला, छापायला शिकल्या. १९२१ मध्ये रमाबाईंची मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते संपूर्ण बायबल बाहेर आलं. दुसऱ्याने वाचून दाखवावं आणि हवं तिथे मिटावं, असं पुस्तक बाईच्या हाती पडू नये, म्हणून एका बाईने आयुष्याची शेवटची वर्षं दिली. यापेक्षा मोठा धीर मला ठाऊक नाही.

आता त्या केंद्रावर आलेल्या बाईचं. ती माझ्याकडे दोनदा येऊन गेली. पहिल्या दिवशी आम्ही काहीच वाचलं नाही. ती जेवली आणि माझ्या कॉटवर चार तास झोपली. दुसऱ्यांदा आली तेव्हा मी तिला हागारचे दोन्ही अध्याय काढून दिले. तिने स्वतः वाचले, बोट ठेवून, सावकाश. मग मला म्हणाली, ‘बाई, मी कुठली हागार? पहिल्या वेळची की दुसऱ्या वेळची?’

मी म्हटलं, ‘ते मी ठरवायचं नाही. पण पहिल्या वेळी हागारला दुसरं दार नव्हतं. तुला माझं आहे, या सगळ्या जणींचं आहे.’

तिने अजून ठरवलेलं नाही. तक्रार लिहून ठेवली आहे, सही केलेली नाही. तिला घाई करू नका, आणि एकटीही सोडू नका. बायबल तिच्याच पिशवीत आहे. यावेळी त्यात दोन ठिकाणी तिने स्वतःच्या हाताने खुणा केल्या आहेत.

एवढं बोलून मी थांबते.